ऋण कोणाचे सांगावे?

गेल्या दिवाळीनंतर आमच्या मंडळाच्या मेळाव्यात आम्ही काढलेली काही छायाचित्रे मांडली होती. त्यांतील महेश्वरच्या एका विणकराचे चित्र बहुतेकांस आवडले. मागावर वाकलेला वृद्ध, खिडकीतून त्याच्या हातांवर आलेला सकाळचा उजेड आणि अर्धवट विणलेला साडीचा काठ. सोबतच्या निवेदनात आम्ही अभिमानाने लिहिले होते, की आमच्या दृष्टीस वळण लावले ते नारायण श्रीधर बेंद्रे यांच्या चित्रांनी. एका शाळकरी मुलीने विचारले, "काका, ह्या आजोबांचं नाव काय?" आम्ही निरुत्तर झालो. शासनाच्या सेवेत उभ्या हयातीत संदर्भ क्रमांकाशिवाय एक कागद पुढे सरकू दिला नाही. आणि ज्याच्याकडून सर्वाधिक घेतले त्याचे नाव विचारण्याचे सुचलेही नाही.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून आहे. प्रेरणा घेणाऱ्यावर ऋण असते काय? आणि असल्यास ते फेडायचे कसे?

माळव्यात राहणाऱ्यांना या संदर्भात कुमार गंधर्वांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९२४ साली बेळगावजवळील सुळेभावी येथे जन्मलेला हा मुलगा बालवयातच थोर गायकांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवी. त्या अनुकरणाचे लोकांना कौतुकच होते. पुढे क्षयाने ग्रासल्यावर १९४८ साली ते देवासला आले. काही वर्षे गाणे बंद राहिले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानी माळव्यातील लोकगीते पडू लागली. ती त्यांनी नुसती ऐकली नाहीत, टिपून घेतली, त्यांतील रागबीजे शोधली. त्यांतून जे नवे राग सिद्ध झाले, त्यांना त्यांनी 'धुनउगम राग' म्हटले. १९६५ सालच्या 'अनूपरागविलास'मध्ये ते ग्रथित झाले आहेत.

आम्हांस या नावाचे मोल फार वाटते. हे राग आपल्या प्रतिभेचे म्हणून त्यांना मिरवता आले असते, आणि ते असत्यही ठरले नसते. परंतु उगम धुनेत आहे, ही कबुली त्यांनी नावातच ठेवली. जात्यावर, लग्नघरी गाणाऱ्या त्या बायकांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. त्यांच्या गाण्याचा उल्लेख मात्र त्या शब्दात कायम राहिला.

यावर कोणी म्हणेल, की कलावंताने असे हिशेब ठेवायचे ठरवले तर निर्मितीच खुंटेल. आपण भाषा, सूर, रंग सारेच उसने घेतो. हे खरे आहे. महेश्वरच्या किल्ल्यावरील व घाटावरील नक्षी साडीच्या काठावर उतरली, तेव्हा विणकराने तरी पाथरवटाचे नाव कोठे विणले? आम्हीही प्रत्येक ऋणाची पावती मागत नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे, आणि तो प्रथम आमच्यावरच आहे. जे ऋण सांगितल्याने आपली प्रतिष्ठा वाढते, तेवढेच आपण सांगतो. बेंद्र्यांचे नाव घेतले की आमचे चित्रही दोन बोटे उंच दिसते. विणकराचे नाव घेऊन आमचे काय वाढणार होते?

फार काय, ज्यांनी १९२७ साली इंदुरात चित्रकलेची शाळा उभी केली, ते दत्तात्रय दामोदर देवळालीकर बेंद्र्यांचे गुरू. हुसेनही त्याच शाळेचे विद्यार्थी. शिष्यांची नावे जगभर गेली. गुरूचे नाव इंदुराबाहेर किती मराठी घरांत निघते? जो स्वतः मागणी करू शकत नाही, त्याचेच ऋण बुडवणे सर्वांत सोपे असते. म्हणूनच ते मान्य करण्यात माणसाची खरी कसोटी आहे, असे आता वाटते.

मार्गशीर्षात आम्ही पुन्हा महेश्वरला गेलो. त्या मागावर दुसराच तरुण बसला होता. चित्र दाखवले, त्याने मान हलवली. आजूबाजूला दोन-तीन घरी विचारले, पण उलगडा झाला नाही. ते चित्र आता आमच्या बैठकीत लावले आहे. त्याखाली आम्ही स्वहस्ते लिहिले आहे : 'महेश्वरचे विणकर. नाव विचारण्याचे आमच्याकडून राहिले.' ऋण फिटले असे नव्हे. परंतु ते आहे, एवढे तरी घरी येणाऱ्यास कळते.