आडनावाची साक्ष आणि रक्ताचा दाखला

नाव आणि नामधारी यांच्यातील संबंध नेमका कोणत्या स्वरूपाचा असतो, हा भाषेच्या तत्त्वज्ञानातील जुना प्रश्न आहे. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात अशी भूमिका घेतली की, विशेषनाम निर्देश करते, वर्णन करीत नाही. डार्ट नदीच्या मुखाशी वसले म्हणून एका गावाला डार्टमथ म्हणतात. पण उद्या नदीने पात्र बदलले तरी गावाचे नाव खोटे ठरत नाही, हे त्याचे उदाहरण. मराठी आडनावाला ही भूमिका लावू गेल्यास ती पहिल्याच पावलाला अडखळते. आडनाव कानावर पडताच ऐकणारा त्यातून गाव, जात आणि पुष्कळदा पोटजातही वाचू लागतो. एवढ्याने भागले नाही तर ‘आपण मूळचे कुठले?’ हा पुढचा प्रश्न येतो. खोली भाड्याने देताना आणि सोयरीक जुळवताना हे वाचन किती तत्परतेने होते, ते सांगावयास नको. व्याकरणात विशेषनाम असलेला हा शब्द व्यवहारात पुरावा म्हणून वावरतो. हा पुरावा कशाचा, एवढाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाला अलीकडे नवी धार आली आहे. थुंकीचा नमुना कुपीत घालून पाठवावा आणि काही आठवड्यांत आपल्या पूर्वजांचा नकाशा हाती यावा, ही सोय पाश्चात्त्य देशांत गेल्या दोन-अडीच दशकांत रुळली. आपल्याकडेही ती मिळू लागली आहे. वंशावळ वाचून दाखवणाऱ्या भाटाच्या जागी प्रयोगशाळा आली, असे म्हणता येईल. भाटाची वही आणि प्रयोगशाळेचा अहवाल यांत फरक पडला, तर खोटे कोण? ‘नाव खोटे’ असे उत्तर चटकन दिले जाते. हे उत्तर मला चुकीचे वाटते, आणि त्याचे नैतिक परिणाम अधिकच चिंताजनक वाटतात.

सॉल क्रिपकेने १९७० साली प्रिन्स्टन येथे दिलेल्या व्याख्यानांत दोन सिद्धांत शेजारी शेजारी मांडले आहेत. नाव टिकते ते वर्णनाच्या बळावर नव्हे, तर हस्तांतराच्या साखळीमुळे, हा पहिला: कोणीतरी केव्हातरी नामकरण करतो, दुसरा ते त्याच्याकडून उचलतो, तिसरा दुसऱ्याकडून. व्यक्तीचे मूळ तिच्या स्वत्वाला अनिवार्य असते, हा दुसरा. वेगळ्या आईबापांच्या पोटी जन्मलेली व्यक्ती ‘तीच’ असू शकत नाही. आडनावापाशी आलो की नामाची साखळी आणि जन्माची साखळी एकच असल्याचा भास होतो, कारण बापाकडून मुलाकडे दोन्ही बरोबरच जाताना दिसतात. आडनावाच्या सगळ्या प्रतिष्ठेच्या मुळाशी हा भास आहे.

तो बळकट करण्याचे काम राज्यसंस्थेने केले. फ्रान्समध्ये १५३९ च्या व्हिलेर-कोतरे राजाज्ञेने बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवणे बंधनकारक झाले. क्रांतीनंतर २३ ऑगस्ट १७९४ च्या कायद्याने जन्मनोंदीतील नावाखेरीज दुसरे नाव धारण करण्यास नागरिकाला मनाई केली. तोवर टोपणनावासारखे सैल असलेले शब्दही आता कायद्याने गोठले. त्यांतले काही मोठे बोलके आहेत. ‘लांग्ल्वा’ म्हणजे इंग्रज, ‘लब्रतों’ म्हणजे ब्रिटनीचा, ‘लालमां’ म्हणजे जर्मन. ब्रिटनीत राहणाऱ्याला ‘ब्रिटनीचा’ म्हणून ओळखण्यात अर्थ नाही, कारण तेथे सगळेच तसे. माणूस परमुलखात जातो तेव्हा हे नाव पडते, आणि ते ठेवतात तेथले लोक. स्थलवाचक आडनाव मूळ सांगते असे आपण समजतो. वस्तुतः ती मूळ सुटल्याची नोंद असते.

भंडारा जिल्ह्यातील ‘लांजेवार’ हे आडनाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. लांजी हे आज मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातले गाव. लांजीत राहणाऱ्याला लांजेवार म्हणण्याचे प्रयोजन नव्हते. लांजी सोडून वैनगंगेच्या खोऱ्यात उतरलेल्या कोणालाही ते चिकटू शकत होते. म्हणूनच ते एकाहून अधिक जातींत आढळते. शिवाय त्यातील ‘वार’ हा प्रत्यय पूर्व विदर्भात ‘कर’चे काम करतो, आणि त्याचे साम्य तेलुगूतील ‘वारु’शी आहे. उत्तरेकडचे गाव आणि दक्षिणेकडे पाहणारा प्रत्यय एकाच शब्दात सुखाने नांदतात. या आडनावाच्या सर्व धारकांचे रक्त तपासून एक मूळपुरुष निघेल अशी अपेक्षा कोणी करू नये. तसा तो निघाला नाही, म्हणून आडनाव खोटे पडत नाही.

लांजीचा उल्लेख कोहळी समाजाच्या परंपरेतही येतो. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील १९१६ च्या चार खंडी ग्रंथात या समाजाविषयी परस्परांशी न जुळणाऱ्या साक्षी एकत्र नोंदवल्या आहेत. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीहून परतताना आपल्याला आणले, असे कोहळी सांगत. भंडाऱ्याचे कोहळी आपली पहिली वस्ती लांजीला झाल्याचे सांगत. चांद्याचे जमाबंदी अधिकारी कर्नल ल्यूसी स्मिथ यांच्याजवळ मात्र पूर्वज दक्षिणेकडून आल्याचे सांगितले गेले. आणि भाषा, चालीरीती व कुळनावे पाहता हा समाज कुणब्यांना जवळचा, म्हणजे मराठी मुळाचाच दिसतो, असे रसेल यांचे निरीक्षण आहे. अशा वेळी एक दिशा खरी ठरवून बाकीच्या पुसून टाकण्याचा मोह अभ्यासकाला होतो. पण काशीची कथा भूगोल सांगण्यासाठी आहे काय? ‘राजाने आम्हाला बोलावून आणले, आम्ही आश्रयाला आलेलो नाही’ असा तिचा आशय आहे. तळी बांधण्याची विद्या अंगी असलेल्या आणि दुसऱ्याच्या राज्यात जमीन कसणाऱ्या लोकांनी आपल्या प्रतिष्ठेचा दावा वंशकथेच्या भाषेत मांडला. गुणसूत्रे काशीची नसली, तरी हा दावा खोडून निघत नाही.

पोवार समाजाचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. धारानगरी, राजा भोज आणि परमार वंश यांच्याशी हा समाज आपले नाते सांगतो. छत्तीस कुळांची परंपरा सांगितली जाते. बिसेन, कटरे, टेंभरे, रहांगडाले, पटले, तुरकर ही नावे भंडारा-गोंदियात कोणाच्याही परिचयाची आहेत. पण याच कुळांत चौहान आहेत, परिहारही आहेत. राजपूत कुळव्यवस्थेत ही परमारांहून वेगळी कुळे मानली जातात. भाषा तर तिसरीकडेच बोट दाखवते: ग्रिअर्सनने पोवारीची गणना माळवीजवळ न करता पूर्व हिंदीच्या बघेली गटात केली. यावरून धारची परंपरा बनावट ठरवण्याची घाई मी करणार नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो विवाहाचा नियम, आणि तो पोवारांपुरता नाही, जवळजवळ प्रत्येक जातीचा आहे. एका कुळात लग्न नाही, कारण रक्त एक. जातीबाहेर लग्न नाही, कारण रक्त वेगळे. जातीचा मूळपुरुष खरोखरच एक असेल, तर आतली लग्ने अशक्य. अनेक असतील, तर बाहेरच्या लग्नांना रक्ताच्या नावाने हरकत घेण्यास आधार नाही. तेव्हा ‘रक्त’ हा शब्द येथे जीवशास्त्रीय अर्थाने वापरलेला नसतोच. कोणाशी नाते जोडावे आणि कोणाशी जोडू नये याची रेषा आखणारे ते एक रूपक आहे, आणि आडनाव ही त्या रेषेवरची खूण.

प्रयोगशाळेची साक्ष तरी एकमुखी आहे काय? ब्रायन साइक्स आणि कॅथरिन अर्विन यांनी २००० साली ‘साइक्स’ याच आडनावाच्या ४८ पुरुषांचे वाय गुणसूत्र तपासले. जवळजवळ निम्म्यांत एकच ठसा निघाला, आणि आडनावाचा संस्थापक एकच असावा असा निष्कर्ष काढला गेला. उरलेल्या निम्म्यांचे काय? दत्तक, विवाहबाह्य संतती, आजोळचे नाव घेणारे यांच्याकडे बोट दाखवले जाते. पण ते पिढ्यान्पिढ्या साइक्सच होते. त्याच नावाने ते जमीन कसत आले, कर भरत आले, पुरले गेले. पुढे किंग आणि जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ४० ब्रिटिश आडनावांचा अभ्यास केला, तेव्हा दुर्मीळ आडनावांत असे साम्य बरेच आढळले, तर ‘स्मिथ’सारख्या सर्वत्र पसरलेल्या नावात ते जवळजवळ नव्हतेच. स्मिथ म्हणजे लोहार, फ्रेंचांतला ‘लफेव्र’. भाता गावोगावी पेटत होता. नावाला एकच बाप कोठून असणार?

आणखी एक साधे गणित आहे. दहा पिढ्या मागे गेल्यास प्रत्येकाच्या पूर्वजांच्या १०२४ जागा होतात. आडनाव त्यांतील एका जागेचे, वाय गुणसूत्रही त्याच एका जागेचे. दोन्ही साक्षीदार एकाच खिडकीतून पाहणारे. त्यांचे जमले तरी उरलेल्या १०२३ जणांविषयी काहीच सिद्ध होत नाही. बाया तर दोन्हींत नाहीत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव बंधनकारक करून महाराष्ट्राने एका पिढीपुरती खिडकी उघडली खरी, पण आडनाव बहुधा वडिलांचेच राहते.

येथे डॉ. आंबेडकरांच्या युक्तिवादाची आठवण करणे आवश्यक आहे. मे १९५४ मध्ये ते याच भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून पराभूत झाले. आंबडवे गावावरून आलेले एक आडनाव आणि दुसरे ‘कर’ लागलेले आडनाव, दोन्ही एकाच जातीतली. त्याआधी १९४८ साली अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात त्यांनी कुळनावांचा पुरावा वापरला होता. मराठ्यांची कुळे आणि महारांची कुळे सारखीच आहेत. कुळ ही रक्ताची खूण मानायची असेल, तर हे दोघे एका रक्ताचे मानावे लागतील, असा त्याचा रोख. रिस्लेने रूढ केलेल्या नासिकामापनाचे आकडेही त्यांनी त्याच रीतीने वंशसिद्धांतावर उलटवले. राजवंशाशी नाते सांगणारा आणि आंबेडकर दोघेही नावावरूनच अनुमान करतात, पण पहिला नावाने उंची मिळवू पाहतो, दुसरा त्याच नावाने उंचीचा आधार काढून घेतो. अनुमानाचा आकार सारखा असूनही नैतिक दिशा उलटी असू शकते, हे तर्कशास्त्राच्या पुस्तकात सहसा सापडत नाही.

आता कोणी म्हणेल की, आधुनिक जनुकशास्त्राने जातींचे वेगळेपण सिद्धच केले आहे. राइख आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या संशोधनानुसार भारतातील बहुतेक सर्व समूह प्राचीन मिश्रणातून घडले. मूरजानी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हे मिश्रण सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीचे ठरवले. त्यानंतर मिसळणे ओसरले आणि अंतर्विवाह पक्का झाला. या निष्कर्षाचे पहिले अर्धे एका पक्षाला आवडते, दुसरे दुसऱ्याला. परंतु दुसऱ्या अर्ध्याचा अर्थ काय? पिढ्यान्पिढ्या कोणाशी लग्न करू दिले नाही, याची खूण शरीरात उरली, एवढाच. बंदी हे कारण आहे, खूण हा परिणाम. परिणाम दाखवून त्याच्या आधारे बंदी योग्य ठरवणे म्हणजे बेडीचा वण दाखवून कैद्याला जन्मजात कैदी म्हणण्यासारखे आहे. वैज्ञानिक अहवाल नीट वाचला तर ती मानवी कृतींची बखर आहे, निसर्गाचा आदेश नव्हे.

या बाबतीत कायदा पुष्कळदा शहाणपणाने वागला आहे. विवाहात जन्मलेले मूल पतीचेच, हे गृहीतक १८७२ च्या पुरावा कायद्यात होते, भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. फ्रान्समध्ये तर निव्वळ कुतूहलापोटी खासगी डीएनए चाचणी करून घेणे हा ३७५० युरो दंडाचा गुन्हा आहे. ज्या देशाने नाव जन्मनोंदीला खिळून टाकले, तोच देश ते खिळे खरे आहेत का हे रक्ताला विचारू देत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये रमेशभाई दाभाई नाईक खटल्यात आंतरजातीय विवाहाच्या अपत्याची जात निर्विवादपणे बापाची मानण्यास नकार दिला. मूल अनुसूचित जातीजमातीच्या आईजवळ वाढले असेल, तिच्या वाट्याचे अवमान त्याने सोसले असतील, तर ते पाहिले पाहिजे, असा त्याचा आशय. आडनाव बापाचे आणि आयुष्य आईच्या समाजाचे, अशा मुलाविषयी न्यायालयाने आयुष्याची साक्ष ऐकण्याची वाट मोकळी ठेवली.

नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला, असे मानले जाते. १९९९ मध्ये जिल्ह्याचे विभाजन झाल्यावर तो गोंदियात गेला. कोलूला पुढे कोलासूर म्हणून देवत्व मिळाले. त्याच्या नावातील ‘पाटील’ हा अधिकार, ‘कोहळी’ ही जात. आडनाव त्यात नाहीच. या खोऱ्यातील अनेक तळी कोहळ्यांनी बांधली, पण मालगुजारी १९५१ साली संपल्यावर ती सरकारी कागदांत ‘माजी मालगुजारी तलाव’ झाली: बांधणाऱ्याचे नाव जाऊन जमीनधाऱ्याच्या हुद्द्याचे आले. लोक त्याचे लघुरूप करून त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात.