चाकांवरचे घर आणि यात्रेचे फळ

गृहस्थाने तीर्थयात्रेला निघताना कोणते वाहन घ्यावे, किंबहुना वाहन घ्यावे की नाही, हा प्रश्न धर्मशास्त्राला नवा नाही. नवे आहे ते एवढेच की आज ज्या वाहनाबद्दल विचारायचे आहे त्यात अंथरूण, शेगडी, पाण्याची टाकी आणि संडास ही सारी सोय एकाच टपाखाली बसवलेली असते. अशा वाहनाला मोटरहोम म्हणतात, आणि महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून त्यालाच कॅराव्हॅन म्हणण्याचीही पद्धत पडली आहे, जरी काटेकोरपणे पाहता कॅराव्हॅन ही दुसऱ्या गाडीने ओढायची खोली असते आणि मोटरहोम स्वतःच्या इंजिनावर चालते. बुलढाणा जिल्ह्यातील कुटुंबे यात्रेला निघतात ती अजूनही बहुधा भाड्याच्या क्रूझरमधून, तुफानमधून किंवा टेम्पो ट्रॅव्हलरमधून. आणि होळीच्या सुमारास भरणाऱ्या सैलानीबाबांच्या यात्रेला तर माणसे ट्रक-टेम्पोत बिऱ्हाड घालून येतात, गाडीच्या आडोशाला चूल मांडतात आणि तिच्याच सावलीत मुले झोपवतात. मोटरहोमचा या मुलखातला खरा पूर्वज शोधायचा तर तो परदेशातल्या कारखान्यात सापडणार नाही, सैलानीच्या माळावर ताडपत्री बांधून उभ्या असलेल्या त्या टेम्पोतच सापडेल.

शास्त्राचे मत वरवर पाहता प्रतिकूल आहे. मत्स्यपुराणातील प्रयागमाहात्म्यात बैलावर बसून प्रयागास जाणाऱ्याला नरक सांगितला आहे आणि त्याचे पितर त्याने दिलेले पाणी स्वीकारत नाहीत असे म्हटले आहे. लगेच पुढे ऐश्वर्य, लोभ किंवा मोह यांपोटी वाहनाने जाणाऱ्याची यात्रा निष्फळ ठरवली आहे. निबंधग्रंथांत, म्हणजे निरनिराळ्या स्मृती-पुराणांतील वचने विषयवार एकत्र करून त्यांचा मेळ घालणाऱ्या ग्रंथांत, आणखी एक वचन येते, आणि ते जवळजवळ हिशेबाच्या वहीसारखे आहे: वाहन यात्रेचे अर्धे फळ खाते, छत्री आणि पादत्राणे त्याच्या निम्मे खातात, वाटेत केलेला व्यापार चारांतले तीन भाग नेतो आणि प्रतिग्रह, म्हणजे दान घेणे, सगळेच बुडवतो. या क्रमाकडे नीट पाहिले तर वाहनाचा दोष व्यापाराहून आणि प्रतिग्रहाहून हलका धरलेला दिसतो. जी यात्रा ओळखीपाळखीच्या ठिकाणी फुकट उतरून आणि वाटेतल्या बाजारपेठेत खरेदी-विक्री उरकून केली जाते, ती पायी केली तरी या हिशेबाने वातानुकूलित गाडीतल्या यात्रेपेक्षा तोट्यात जाते. ही गोष्ट पायी जाणाऱ्यांच्या अभिमानाला सहसा सुचत नाही.

मत्स्यपुराणातील शब्दयोजनाही दुर्लक्षिण्याजोगी नाही. तेथे वाहनाला जोडून तीन हेतू सांगितले आहेत, आणि त्या तिन्हींत वार्धक्य नाही, आजारपण नाही, सोबतचे तान्हे मूल नाही. निषेध चाकाचा नसून मिरवण्याचा आहे असा अर्थ या वचनातून काढणे म्हणजे ओढाताण नव्हे. जे कुटुंब भाड्याची गाडी पाहायला जाते आणि आतल्या आसनांची रुंदी, पडद्यांचा रंग व बाहेरची चकाकी यांवर भुलते, ते ऐश्वर्याच्या बाजूने गाडी निवडते. आणि जे कुटुंब दाराची पायरी जमिनीपासून किती उंच आहे, गुडघे धरलेल्या म्हातारीला धरायला आतून दांडी आहे का, तिला रात्री उठावे लागले तर कोणाला न उठवता जाता येईल का, हे पाहते, त्याला त्या वचनाची भीती बाळगण्याचे कारण उरत नाही. दोन्ही कुटुंबे शेवटी तीच गाडी घेतील असेही होऊ शकते.

गृहस्थाची यात्रा ही एकट्याची यात्रा नव्हे, हा मुद्दा येथे निर्णायक ठरतो. पद्मपुराणाच्या भूमिखंडात कृकल नावाच्या वैश्याची कथा आहे. पत्नी सुकला नाजूक आहे, वाटेचे कष्ट तिला झेपणार नाहीत, या कळवळ्याने तो तिला घरीच ठेवून तीर्थांना गेला, आणि परतताना त्याला कळले की पत्नीवाचून केलेल्या यात्रेने व श्राद्धाने त्याचे पितर सुटण्याऐवजी बांधले गेले आहेत. कथेचा रोख पत्नीच्या धर्मावर आहे. पण वाहनाच्या प्रश्नाच्या बाजूने ती वाचली तर अर्थ असा निघतो की कृकलाला एखादी बरी बैलगाडी मिळाली असती तर दोष लागला नसता. पायी जाऊन अर्ध्या घराला मागे ठेवणे आणि गाडीने जाऊन सगळ्या घराला नेणे, यांतून निवडायचे झाले तर ही कथा गाडीकडे झुकते. धर्मशास्त्रात पोष्यवर्ग म्हणून एक संज्ञा आहे. ज्यांचे पोषण करणे गृहस्थाला चुकवता येत नाही अशी माणसे, म्हणजे वृद्ध आईवडील, पत्नी, लहान मुले, तिच्यात येतात. भाड्याच्या गाडीचे माप याच वर्गाने घ्यायचे असते, कमावत्या माणसाच्या हौसेने नव्हे.

तरीही खर्चाचा प्रश्न राहतोच. महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेची प्रशंसा ज्या कारणाने केली आहे ते कारण पैशाचे आहे: यज्ञाला पुष्कळ सामग्री लागते, ती राजांना आणि श्रीमंतांना परवडते, म्हणून दरिद्री माणसालाही साधेल असे यज्ञतुल्य कर्म तीर्थगमनाच्या रूपाने सांगितले. यात्रेसाठी कर्ज काढून मोटरहोम भाड्याने घेणे हे या मूळ हेतूच्याच विरुद्ध जाते. शिवाय भाड्याचा करार यात्रेचा आकार कसा बदलतो हेही पाहण्यासारखे आहे. बाहेरगावच्या भाड्यात दिवसाला अमुक किलोमीटर धरलेच जातील अशी अट बहुधा असते, आणि ते किलोमीटर वाया जाऊ नयेत म्हणून शेगावला निघालेले कुटुंब नांदुऱ्याचा १०५ फुटी हनुमान, मेहकरचा शारंगधर बालाजी, देऊळगाव राजाचा बालाजी आणि सिंदखेड राजाचा जिजाऊंचा वाडा एका दिवसात बसवू पाहते. मग देवापुढे उभे राहण्याची वेळ मीटर ठरवतो. अशा अटीपेक्षा दिवसाचे ठोक भाडे महाग पडले तरी यात्रेच्या दृष्टीने बरे म्हणावे लागते.

यापेक्षा खोल अडचण घराची आहे. यात्रा म्हणजे घर सोडणे. मग घरच बरोबर नेले तर सोडले काय? या प्रश्नाचे सर्वांत कठोर उत्तर याच भूमीवर दिले गेले. चक्रधरस्वामींच्या भ्रमणात मेहकर आणि लोणार ही गावे आहेत, आणि महानुभाव आचारधर्मात साधकाला अटन सांगितले आहे, म्हणजे एका जागी न रमता, गावाशी व माणसांशी सांधा न जुळू देता फिरत राहणे. तेथे फिरणे हे ठिकाणे पाहण्यासाठी नसते, ‘माझे’ म्हणण्याची सवय मोडण्यासाठी असते. या कसोटीवर स्वतःची उशी, स्वतःचा चहाचा डबा आणि स्वतःचा टीव्ही घेऊन निघालेले मोटरहोम पहिल्याच पावलाला नापास होते. परंतु अटन हा संन्यस्ताचा आचार आहे आणि गृहस्थाला तो जसाच्या तसा लावता येत नाही. दुसऱ्या बाजूला बंजाऱ्यांचे तांडे आणि गाडी लोहारांच्या बैलगाड्या आहेत. त्यांचे घर पिढ्यान्‌पिढ्या चाकांवर किंवा बैलांच्या पाठीवर राहिले, आणि गाडी लोहारांची परंपरा तर चितोड पडल्यावर घरात न राहण्याची शपथ घेतल्याचे सांगते. त्यांच्या लेखी फिरते घर म्हणजे ना त्याग, ना चैन. ते नुसते घर होते. ज्याला सुट्टीच्या चार दिवसांपुरते फिरते घर हवे आहे त्याने या लोकांच्या पालांजवळ गाडी उभी करताना किंचित संकोच बाळगला तर तो अस्थानी ठरू नये.

फिरत्या घराच्या आतल्या रचनेचा विचार धार्मिक लिखाणात सहसा येत नाही, पण शौचधर्म, म्हणजे शुद्धतेसंबंधीचे नियम, पाळणाऱ्या कुटुंबात खरी अडचण तेथेच उभी राहते. जुन्या वाड्यात देवघर आणि स्वयंपाकघर एका टोकाला, संडास परसाच्या दुसऱ्या टोकाला असे. मोटरहोममध्ये ही दोन टोके चार-पाच पावलांवर येतात. सोवळ्यात स्वयंपाक करणाऱ्या, एकादशीला बाहेरचे न खाणाऱ्या वृद्धेला गाडीतली शेगडी हे वरदान वाटते आणि शेगडीच्या पाठीमागचे ते दार तिला नकोसे वाटते. काही कुटुंबांनी यावर काढलेला तोडगा शहाणपणाचा आहे: संडास असलेली गाडी घ्यायची, पण चूल बाहेर, छताला जोडलेल्या कनातीखाली मांडायची. ही तडजोड पुन्हा सैलानीच्या टेम्पोकडेच जाते.

सोवळ्याहून गंभीर प्रश्न मैल्याच्या टाकीचा आहे. गाडीतले मलमूत्र एका बंद टाकीत साठते आणि ती टाकी कोठे तरी रिकामी करावीच लागते. ती सांडपाण्याच्या योग्य सोयीत रिकामी करायची असते. अंधारात नाल्याच्या काठी तोटी सोडणे हा पर्याय नव्हे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र वा थुंकी टाकण्यास स्पष्ट मनाई आहे, आणि ती मनाई यात्रेकरूला दुप्पट लागू व्हावी, कारण त्याचे तीर्थ म्हणजे मुळात पाणीच. तीर्थ या शब्दाचा पहिला अर्थ नदी उतरण्याची जागा असा आहे. लोणारचे सरोवर २०२० पासून रामसर यादीत, म्हणजे जगभरच्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या विवरात वरून उतरणारे पाणी बाहेर वाहून जाण्यास वाट नाही. काठावर जे सांडेल ते तेथेच राहते. म्हणून गाडी भाड्याने घेताना टाकी किती लिटरची आहे हे विचारण्याआधी ती कोठे रिकामी करायची हे मालकाला विचारावे, आणि त्याने उत्तर टाळले तर संडास नसलेली साधी गाडी घेऊन भक्तनिवासात उतरणे अधिक धर्माचे ठरते.

भक्तनिवासाचा उल्लेख आला तो केवळ सोय म्हणून नव्हे. शेगाव येथील गजानन महाराज संस्थानात सेवेकऱ्यांची शिस्त, रांग, महाप्रसादाची पंगत आणि निवासाची सामायिक व्यवस्था हा दर्शनाचाच भाग आहे. आणि आषाढीसाठी दरवर्षी पंढरपूरला पायी जाणारी तेथील पालखी तर चालण्याच्या ओळीलाच साधना मानते. वाहनतळावर दार लावून आपापल्या गाडीत जेवणारे व झोपणारे कुटुंब समाधीचे दर्शन घेईल, परंतु पंगतीत शेजारी कोण बसेल हे आपल्या हातात नसणे, हा जो यात्रेचा धडा, तो त्याच्या वाट्याला येणार नाही. शेगावपुरते तरी मोटरहोमने फक्त चाके व्हावे, घर होऊ नये.

राहिला सारथ्याचा प्रश्न. कठोपनिषदात शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे आणि आत्मा रथात बसलेला स्वामी, असे रूपक आहे, आणि त्यात रथाच्या सौंदर्याबद्दल एक शब्दही नाही. सारा भर सारथी जागा आहे की नाही यावर आहे. जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा दुभंगलेला आहे, त्यामुळे बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरताना राजूर घाट लागतोच, आणि टाक्या भरलेले उंच मोटरहोम वळणावर घरच्या कारसारखे वागत नाही. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, आणि ते हलते. स्वतः चालवण्याची हौस येथे मोहाच्या सदरात जमा होते. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ उलटून पेटलेल्या खासगी बसमध्ये २५ प्रवासी गेले. ज्या गाडीत गॅसची टाकी आहे आणि कपाटांनी एक बाजू अडवली आहे, तिचे संकटकालीन दार आतून खरोखर उघडते का, हे हाताने उघडून पाहणे पोष्यवर्गाच्या रक्षणात मोडते.

चालकासह गाडी घेतली तर त्याच्या फळाचाही हिशेब शास्त्रात सापडतो. जो प्रसंगाने, म्हणजे दुसऱ्या कामानिमित्त, तीर्थाला जातो त्याला अर्धे फळ आणि जो परार्थाने जातो त्याला सोळावा भाग, असे वचन आहे. वर्षभर इतरांना देवाच्या दारी सोडून वाहनतळावरच जेवणाऱ्या चालकाला हा सोळावा भागही दर्शनाला जाऊ दिले तरच मिळणार. म्हणून त्याच्या झोपेची आणि दर्शनाची वेळ कुटुंबाने आधीच ठरवायची असते, त्याने मागायची नसते.

लोणारला मात्र कोणतीही गाडी एका कडेपर्यंतच जाते. विवरातील कमळजा देवीकडे पायीच उतरावे लागते आणि तितकेच चढून यावे लागते, त्यामुळे जिच्यासाठी एवढी पारख करून गाडी निवडली ती वृद्धा बहुधा वरच थांबते, आणि तिच्याजवळ कोणाला तरी थांबावे लागते. बाकीचे देवीचे दर्शन घेऊन घामाघूम वर येईपर्यंत सावलीत लावलेल्या गाडीत बसून तिला पाणी देणाऱ्या त्या सुनेच्या किंवा नातवाच्या वाट्याला सोळावा भाग येतो की पूर्ण फळ, हे वचनातल्या ‘परार्थ’ या शब्दात वेतनाने दुसऱ्याचे काम करणारा धरायचा की दुसऱ्यासाठी मागे राहणारा धरायचा, यावर अवलंबून आहे.