खोली रिकामी आहे, पण कोणासाठी?



बारावी झाली की खाप्यातली बरीच मुले शिकायला नागपूरला जातात. पुढे कोणी हिंगण्याच्या एमआयडीसीत, कोणी बुटीबोरीत कामाला लागते. रोजची ये-जा झेपत नाही, म्हणून एक खोली, मोरी आणि स्वयंपाकाचा ओटा एवढीच जागा शोधावी लागते. भाडे पगारात बसले, डिपॉझिट जमले, तरी प्रश्न संपत नाहीत. आडनाव काय? जात कोणती? मटण-मासे खाता का? शेवटी उत्तर मिळते, ‘घरच्यांना विचारून कळवतो.’ पण कोणी कळवत नाही.

हे उत्तर फार जुने आहे. 1917 साली बाबासाहेब आंबेडकर परदेशात शिकून बडोदा संस्थानात नोकरीला गेले. अस्पृश्य म्हणून कुठे जागा मिळेना, तेव्हा पारशी नाव लावून ते एका पारशी उतारशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. हिंदू मित्राने सांगितले, तुम्ही आलात तर नोकर निघून जातील. मग ते ख्रिस्ती मित्राकडे गेले. तो म्हणाला, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. ते कुटुंब मूळचे ब्राह्मण होते आणि पत्नी अजून शिवाशिव पाळत होती, हे त्यांना मागाहून कळले. ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

लाठीवाल्यांचे चुकले, हे कोणीही सांगेल. पण आपल्याच धर्मातल्या त्या मित्राचे काय? तो एकही कठोर शब्द बोलला नाही. तरीही दारात उभ्या असलेल्या माणसाला त्या रात्री निवारा मिळाला नाही, तो नाहीच.

कोणी म्हणेल, घर आमच्या घामाचे आहे, कोणाला ठेवायचे ते आम्ही ठरवू. यात तथ्य आहे. भाडे वेळेवर देणार का, घर नीट राखणार का, रात्री गोंधळ तर घालणार नाही ना, हे विचारायलाच हवे. या प्रश्नांना माणूस आपल्या वागण्याने उत्तर देऊ शकतो. जन्माने मिळालेल्या जातीला मात्र त्याच्याकडे काही उत्तर नसते. पहिल्या प्रश्नांत सावधपणा आहे, दुसऱ्यात अपमान आहे.

नागपुरात एके काळी मालकाला पूर्ण मोकळीक नव्हती. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या 1949 च्या घरभाडे नियंत्रण आदेशाप्रमाणे रिकाम्या घराची खबर सरकारला द्यावी लागे आणि सरकार ते घर सरकारी नोकराला किंवा निर्वासिताला देऊ शकत असे. 2000 साली महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. आज खोली कोणाला द्यायची हे मालकच ठरवतो. म्हणूनच आपल्या विवेकबुद्धीवरचा भार वाढला आहे.

पोप जॉन तेविसावे यांनी 1963 सालच्या ‘पाचेम इन तेरिस’ या परिपत्रकात निवारा हा माणसाचा हक्क मानला आहे. आणि शेवटच्या न्यायाच्या दिवशी परक्याला घरात घेतले की नाही याचा हिशेब होणार, हे प्रभूने सांगितलेच आहे.

खाप्यातही बाहेरगावचे शिक्षक, बँकेतले कर्मचारी, गुमगाव खाणीतले कामगार खोली विचारत येतात. ज्यांच्याकडे वरची किंवा मागची खोली रिकामी आहे, त्यांनी एवढे जरूर करावे. करार लेखी करून नोंदवावा. ती जबाबदारी कायद्याने मालकाचीच आहे. भाड्याची पावती द्यावी. डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त मागू नये. केंद्राने 2021 साली राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श कायद्यातही हीच मर्यादा आहे. आणि नकार द्यायचाच असेल, तर खरे कारण त्याच वेळी तोंडावर सांगावे. जे कारण समोरच्याला सांगायला आपली जीभ धजत नाही, त्या कारणासाठी आपण खोली नाकारू नये.