मागचा दिवा कोणाचा?

जुन्या मोटरसायकलच्या मागच्या दिव्याची लाल काच बहुधा दोन स्क्रूंवर तगलेली असते. ती काढली की आत गंजलेला होल्डर दिसतो आणि त्यात दोन तारांचा एक बल्ब. ५ वॉटची तार अंधार पडल्यावर मंद जळत राहते, २१ वॉटची ब्रेक दाबला की पेटते. हा बल्ब काढून त्याच खाचेत एलईडी बसवायला पाच मिनिटं पुरतात. बसवावा की नाही, यावरचा वाद मात्र टपरीवरच्या पहिल्या चहाला सुरू होतो आणि जेवणाची वेळ झाली तरी मिटत नाही. एक म्हणतो, बल्बच तर आहे. दुसरा म्हणतो, मग नवीच गाडी घे की! या दुसऱ्याचं म्हणणं चटकन उडवून लावण्यासारखं नाही. आज बल्ब, उद्या डायनॅमो, परवा इग्निशन; असं करता करता जुनी जावा उरते कुठे?

मेकॅनिकच्या गॅरेजात हा प्रश्न यायच्या कितीतरी आधी तो एका राजासमोर आला होता. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक वंशाचा राजा मिलिंद, म्हणजे इतिहासातला मिनँडर, साकल नगरीत भिक्खू नागसेनांना भेटतो. महाराज, कशाने आलात, असं नागसेन विचारतात. राजा सांगतो, रथाने. मग आस म्हणजे रथ का? चाकं? सांगाडा? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. सगळे सुटे भाग ढीग करून ठेवले तर तो रथ होईल का, यालाही नाहीच म्हणतो. शेवटी त्याला कबूल करावं लागतं की हे सारं जुळून आलं की व्यवहारासाठी आपण त्याला रथ म्हणतो, एवढंच. नागसेनांना रथाशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना ‘मी’ नावाची गाठ सोडवायची होती. पण गाडी प्रेमाने वर्षानुवर्षं सांभाळलेल्या माणसाला विचारून पाहा, त्या दोन गाठी फारशा वेगळ्या नसतात.

तिकडे ग्रीसमध्ये प्लुटार्कने थीसिअसच्या तीस वल्ह्यांच्या जहाजाची हकीकत लिहून ठेवली. अथेन्सवाले कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवत गेले आणि जहाज तेच की दुसरं, यावर तत्त्वज्ञांचे दोन तट पडले. १६५५ मध्ये टॉमस हॉब्जने त्यात आणखी मेख मारली. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांचंच जहाज पुन्हा जोडलं, तर खरं कोणतं? पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी एक चक्कर मारलेल्याला हे कोडं पुस्तकी वाटणार नाही. एका पथारीवर टाकी, दुसरीवर सायलेन्सर, तिसरीवर मडगार्ड. तीन गाड्यांच्या मरणातून चौथी उभी राहते आणि तिचा मालक तिला ‘ओरिजिनल’ म्हणतो.

आपल्याकडे या वादाचा निकाल आरटीओने आपल्या परीने लावून टाकला आहे. तिथे चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासतात आणि उमटलेला आकडा आरसी बुकाशी ताडून पाहतात. आकडा जुळला की गाडी तीच. केंद्र सरकारने २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी नियम केले, त्यांचाही कल हाच. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, आणि चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदता येते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये पडतात. मात्र अशी नोंद झाली की गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढायची. या व्याख्येत इंजिन आहे, सांगाडा आहे. दिव्यांचं नाव नाही.

वस्तू बदलली तरी ती तीच राहते, कारण तिच्या गर्भात काहीतरी न बदलणारं आहे, ही कल्पना कायदा करणाऱ्यांची नव्हे, फार जुनी आहे. पुरीला जगन्नाथाचा नवकलेवर सोहळा होतो तो आषाढ अधिक येणाऱ्या वर्षी. १९९६ मध्ये झाला, त्यानंतर २०१५ मध्ये. कडुनिंबाच्या लाकडाच्या मूर्ती साऱ्याच्या साऱ्या नव्या घडवतात. जुन्या मूर्तीतला ‘ब्रह्मपदार्थ’ तेवढा रात्री नव्या मूर्तीत ठेवला जातो, आणि तो ठेवणाऱ्या सेवकाच्या डोळ्यांवर पट्टी असते, हातांना कापड गुंडाळलेलं असतं. चेसिस नंबराची याच्याशी बरोबरी केलेली भाविकांना रुचणार नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. एक कागदावर घासून घ्यायचा आकडा, दुसरं पाहायचंसुद्धा नाही असं गूढ. तरी माणसाची खोड तीच. बाकी सगळं बदलू द्या, एवढं एक हलवू नका.

नैयायिक आणि वैशेषिक या दर्शनांतल्या भाऊबंदांतही यावरून जुंपली होती, तीही कुंभाराच्या भट्टीपाशी. कच्चं काळपट मडकं भाजल्यावर लाल होतं. तर भाजून निघालेलं मडकं तेच का? वैशेषिक म्हणाले, नाही. आगीत मडक्याचे परमाणू सुटे होतात, एकेक परमाणू लाल होतो आणि मग नवं मडकं जुळतं. हा पीलुपाक. नैयायिक म्हणाले, छे, मडकं जागच्या जागी अख्खंच राहतं, फक्त त्याचा रंग पालटतो. हा पिठरपाक. पिवळ्या बल्बाच्या जागी एलईडी घालणारा नकळत नैयायिकांच्या बाजूला उभा असतो. गुण बदलला, गाडी तीच. कट्टर शौकीन वैशेषिकांच्या पंगतीतला. दिवा हलला की अवघी गाडी विस्कटून नवी झाली.

पण ‘मिलिंदपञ्ह’मध्ये रथाबरोबर एक दिवाही आहे, आणि या वादात तो जास्त कामाचा. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का, असं नागसेन विचारतात. एकच नाही. पण वेगळी म्हणावी तर तसंही नाही, कारण त्याच दिव्याच्या आधाराने ती रात्रभर चालत आली. हा दाखला समोर ठेवला की ‘मूळ बल्ब’ जपणाऱ्याची पंचाईत होते. फिलामेंटचा बल्ब मुळातच उडण्यासाठी जन्माला आलेला. त्यात जुन्या मोटरसायकलची थरथर. कारखान्यातून आलेला बल्ब पहिल्या काही वर्षांतच गेला असणार. आज होल्डरमध्ये आहे तो गेल्या दिवाळीत कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेला. जपला जातोय तो बल्ब नाही, बल्बची जात.

आणि जातीचंच म्हणाल तर तिथेही जुनं-नवं वाटतं तितकं सरळ नाही. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या आणि डोळ्यांना दिसेल असा लाल प्रकाश देणारा एलईडी निक होलोनियाक यांनी अमेरिकेत १९६२ मध्ये करून दाखवला. लाल एलईडी आणि आपल्या रस्त्यांवरची जावा एका पाटावर मुंज लागावी इतक्या जवळच्या वयाच्या. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, दिव्याची चलती मात्र नंतर आली.

आता फ्लॅशरकडे, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीकडे. इथे तत्त्वज्ञान खिशात ठेवून टेस्टर हातात घ्यावा लागतो. जुना फ्लॅशर बल्बने ओढलेल्या करंटवर चालतो. करंट वाहतो, आतली पट्टी तापते, वाकते, संपर्क तुटतो. निवते, पुन्हा जुळतो. टिक-टिक म्हणतात ती हीच. एलईडी करंट इतका कमी घेतो की पट्टी तापतच नाही. काही गाड्यांत इंडिकेटर लागून तसाच राहतो, तर काहींत वेड्यासारखा भराभर लुकलुकतो, म्हणजे फ्लॅशरला वाटतं बल्ब उडाला. यावर बाजारात दोन उपाय मिळतात. एक म्हणजे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवणं. दुसरा म्हणजे एलईडीच्या जोडीला रेझिस्टर लावणं. १२ व्होल्टला ६.८ ओहमचा रेझिस्टर लावला की तो साधारण २१ वॉट खातो, जुन्या बल्बइतकेच, आणि सगळे उष्णतेत घालवतो. म्हणजे वाचवलेली वीज जाळायची, कशासाठी, तर जुन्या फ्लॅशरला जुना बल्ब अजून जिवंत आहे असं भासवण्यासाठी. मायेचं याहून स्वस्त प्रात्यक्षिक मिळणं कठीण. शिवाय रेझिस्टर चटका बसेल इतका तापतो आणि जवळच्या वायरचं प्लॅस्टिक वितळवतो. नव्या-जुन्याच्या वादात इतर कुठे काहीही मत असो, इथे रेझिस्टर नको. ते निव्वळ ढोंग आहे.

आणखी दोन-तीन खोड्या आहेत. एलईडी हा डायोड, त्यामुळे प्लस-मायनस उलटं झालं तर तो पेटत नाही, आणि जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्लसचंच अर्थिंग असायचं. ६ व्होल्टच्या गाडीला ६ व्होल्टचाच एलईडी लागतो, १२चा तिथे एक तर लागत नाही, नाहीतर मिणमिणतो. आणि डॅशवर डाव्या-उजव्यांना मिळून एकच खुणेचा बल्ब असेल तर डावीकडचा इंडिकेटर दिला तरी चारही दिवे लुकलुकतात, कारण त्या बल्बातून पलीकडे झिरपणारा थोडासा करंटही एलईडीला पुरतो. डावं-उजवं हा भेदच मिटतो. रस्त्यावर असलं अद्वैत परवडत नाही, दोन डायोड घालून द्वैत परत आणावं लागतं.

इतकी खटपट कशासाठी, हा शौकिनाचा सवाल रास्त आहे. त्याची बाजू समजून घ्यायला हवी. फिलामेंटचा पिवळा उजेड, ब्रेक सोडल्यावर एकदम न विझता मावळत जाणारी लाली, फ्लॅशरची सुस्त टिक-टिक, हेही गाडीचंच रूप आहे, आणि रूपावर जीव जडणं हा काही गुन्हा नाही. पण त्याच्या वादात एक गृहीत लपलेलं आहे, ते असं की दिवा त्याचा आहे.

पुढचा दिवा त्याचा आहे, हे कबूल. त्याच्या उजेडात तो रस्ता बघतो. मागचा दिवा मात्र चालवणाऱ्याला चालवताना कधीच दिसत नाही. तो आहे मागून येणाऱ्यासाठी. खंबाटकी घाटात पावसाळी रात्री मागून उतरणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरसाठी, काच पुसत पुसत चाललेल्या एसटीच्या चालकासाठी. २१ वॉटच्या फिलामेंटला पुरतं पेटायला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा लागतो, एलईडी तत्क्षणी पेटतो. मागचं वाहन ताशी ६० किलोमीटरने येत असेल तर तेवढ्या वेळात ते तीन मीटरहून जास्त पुढे आलेलं असतं. त्यात जुन्या ६ व्होल्टच्या डायनॅमोची गाडी संथ चालली की बल्ब मिणमिणतो, म्हणजे वळणावर, चढावर, गर्दीत, जिथे दिसायला हवं नेमकं तिथेच.

शतपथ ब्राह्मणात माणसाच्या डोक्यावर देव, ऋषी आणि पितर यांच्याबरोबर चौथं ऋण सांगितलं आहे, ते माणसांचं. आल्यागेल्याला आसरा आणि अन्न देऊन ते फेडायचं. मागचा दिवा या चौथ्या खात्यात बसतो. आपल्या गाडीचं अस्सलपण आपण कितीही कवटाळावं, त्याची किंमत अनोळखी माणसाने अंधारात मोजायची, हे काही खरं नाही.

देवळांनी हा भेद कधीचाच ओळखला आहे. गाभाऱ्यात समई असते आणि सभामंडपात ट्यूबलाइट, आणि कुणाही भाविकाला त्यात विसंगती वाटत नाही. समई देवासाठी, ट्यूब पायरीवर कुणी अडखळू नये म्हणून. तोच हिशेब मोटरसायकलला लावावा. हेडलाइट हवा तर पिवळाच राहू द्या, मागचे दिवे बदला.

मात्र बदलायचे तर चोख. लाल काचेमागे पांढरा एलईडी घातला की उजेड गुलाबट पडतो. लाल काचेला लाल आणि नारिंगी काचेला नारिंगीच एलईडी हवा. जुन्या दिव्यातला चकचकीत वाडगा चहूबाजूंनी उजळणाऱ्या फिलामेंटसाठी घडवलेला. नुसता मागे तोंड केलेला स्वस्त एलईडी त्यात घातला तर काचेच्या मधोमध एक ठिपका दिसतो, बाकी अंधार. आणि दिव्याच्या खालच्या पारदर्शक फटीतून नंबरप्लेटवर उजेड पडतो, तिथे लाल पडून चालत नाही, खालच्या बाजूला पांढरे एलईडी असलेलाच घ्यावा. बल्बपेक्षा अंधुक एलईडी लावणाऱ्याने अस्सलपणही घालवलं आणि ऋणही फेडलं नाही. त्यापेक्षा बल्ब बरा.

जुनं ते राखणाऱ्यांच्या जगातही आता याबद्दल शहाणपण आलं आहे. स्मारकांच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिसची सनद झाली, तिच्या धर्तीवर जुन्या वाहनांसाठी ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने तुरीनची सनद केली. बदल करावाच लागला तर तो डोळ्यांत न भरणारा असावा, शक्यतो परत फिरवता यावा, आणि काढलेले मूळ भाग गाडीबरोबर जपावेत, असं ती सांगते. पंढरपूरला २०२४ मध्ये विठ्ठल मंदिराचं जतनाचं काम झालं, तेव्हा गाभाऱ्यातली नंतर चढवलेली चांदी उतरवून मूळ दगड मोकळा केला. चांदी वरून चढवलेली होती म्हणून निघाली. दगडच घासून पातळ केला असता तर आज काय उतरवणार होते?

तेव्हा होल्डर कापू नका, मूळ वायरिंग तोडू नका, त्याच खाचेत बसणारा एलईडी आणा. जुना बल्ब आणि जुना फ्लॅशर चिंधीत गुंडाळून टूलबॉक्समध्ये ठेवा. काच परत लावताना रबराचं पॅकिंग नीट बसलंय का बघा, आणि मग कुणाला तरी गाडीवर बसवून ब्रेक दाबायला सांगा आणि स्वतः वीस पावलं मागे जाऊन उभे राहा.