आपल्या बाजूचं वजन

माझं गाव शिनोली, घोडेगावहून भीमाशंकरला जाताना लागतं ते. काम मात्र पुण्यात बसून अमेरिकेतल्या लाकडी घरांची गणितं करायचं. ज्या घरात मी कधी पाऊल ठेवणार नाही, त्याची भिंत वाऱ्याने किंवा भूकंपाने उलटेल का, हे सॉफ्टवेअरवर तपासायचं. या कामात एक प्रश्न रोज समोर येतो. वरवर तो इंजिनिअरिंगचा आहे, पण मला तो नीतीचा वाटतो: जे आपल्या बाजूने आहे, ते हिशेबात किती धरायचं?

गणित सोपं आहे. लाकडी चौकटीवर प्लायवुड ठोकलेली एक भिंत घ्या, ३ मीटर उंच आणि २ मीटर लांब. तिच्या माथ्याला, लांबीच्या दिशेने, ६०० किलोचा धक्का बसतो. ६०० गुणिले ३, म्हणजे उलटवणारा जोर १८००. कपाट वरून ढकलल्यावर होतं तसं भिंतीचं एक टोक टेकतं आणि दुसरं उचलायला बघतं. तिला खाली धरतं तिचं स्वतःचं आणि तिच्यावर टेकलेल्या छताचं वजन. ते १००० किलो असेल, तर त्याचा भार मध्यावर, टोकापासून १ मीटरवर. म्हणजे सावरणारा जोर १०००. उरले ८००. त्याला २ मीटरने भागलं की ४०० किलो. तेवढ्या ताकदीने उचलणारं टोक पायाला बांधून ठेवायचं. टोकाच्या खांबाला लावलेलं पोलाद आणि पायात रोवलेला बोल्ट हे काम करतात. त्याला होल्ड-डाऊन म्हणतात.

पण नियम इथे थांबू देत नाहीत. अमेरिकेतल्या एका प्रचलित पद्धतीत सावरणारं वजन ०.६ पटच धरायचं असतं. १००० चे ६०० होतात आणि होल्ड-डाऊनवर ४०० ऐवजी ६०० किलो येतात. आपली काँक्रीटसाठीची आयएस ४५६ हेच सांगते: इमारत उलटू नये म्हणून तिचं स्वतःचं वजन मदतीला येत असेल, तर ते ०.९ पटच धरा. तेच वजन खांबाला दाबत असेल, तेव्हा मात्र ते साधारण १.५ पट धरायचं. वजन एकच, हिशेब दोन.

पहिल्यांदा ऐकताना ही लबाडी वाटते. पण विचार करा. मदतीचं वजन अंदाजापेक्षा कमी निघालं तर घर जातं, जास्त निघालं तर थोडं पोलाद वाया जातं. दोन चुकांची किंमत इतकी वेगळी असताना दोन्हींना सारखं मोजणं हा प्रामाणिकपणा कसा?

सॉफ्टवेअर ही आकडेमोड क्षणात करतं. पण छताच्या तुळया या भिंतीवर टेकतात की तिला समांतर जातात, हे त्याला माणूस सांगतो. समांतर असतील, तर छताचं बहुतेक वजन दुसऱ्याच भिंतींवर उतरतं. तरीही इथे मोठा आकडा भरला की होल्ड-डाऊन गायब होतो, खर्च वाचतो आणि रिपोर्ट हिरवा दिसतो. गुणाकार-भागाकार सगळे बरोबर असतात. खोटं असतं ते गृहीतक.

शिनोलीच्या बाजूला हाच हिशेब पत्र्यावर दिसतो. पावसाळ्याआधी पत्र्यावर दगड ठेवतात. दगड म्हणजे सावरणारं वजन, हुक म्हणजे होल्ड-डाऊन. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि घाट चढून आंबेगाव-जुन्नरलाही झोडपून गेलं. घरांचे पत्रे उडाले. ‘इतकी वर्षं कुठं उडाला होता?’ असं आपण म्हणतो. पण न उडालेला पत्रा एवढंच सांगतो की तेवढा वारा आजवर आला नव्हता.

मग दगडच वाढवायचे का? त्याचं उत्तर किल्लारीत आहे. तिथल्या जाड दगडी भिंती आणि मातीच्या थरांची जड माळवदं वाऱ्याला दाद देणारी नव्हती. पण भूकंपाचा धक्का वजनाच्या प्रमाणातच बसतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या त्या पट्ट्यात सुमारे ८ हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक स्वतःच्या घराखाली. ज्याच्या भरवशावर होतो, तेच अंगावर आलं. वजन एकमेकांना नीट बांधलेलं नसेल, तर ते कोणाच्या बाजूचं हे ऐनवेळी ठरतं.

अवघड बाजू पुढे आहे. हुक, पट्टी, बोल्ट यांना पैसे लागतात. यंदाचं बियाणं की छताचे बोल्ट, असा प्रश्न ज्याच्या घरात आहे, त्याला सावधगिरीचं व्याख्यान द्यायला माझी जीभ रेटत नाही. अमेरिकेतल्या मालकाची काळजी कायदा घेतो, तिथला तपासनीस घेतो आणि पगार घेऊन मीही घेतो. गावात ती एकट्या घरमालकाच्या खिशावर पडते. सावधगिरी एकेकट्यावर सोडली की ती ऐपतीची गोष्ट होते.

तरी एवढं मला पटलंय. स्वतःच्या डोक्यावरच्या छताबाबत माणूस धोका पत्करू शकतो, तो त्याचा हक्क आहे. आकडा भरणारा एक आणि छताखाली झोपणारा दुसरा असेल, तर आशावादी असण्याची मुभा आकडा भरणाऱ्याला नाही. आणि धोका माहीतच नसेल, तर तो पत्करला असंही म्हणता येत नाही. म्हणून गावी कुणी पत्रा टाकताना विचारलं, तर किती दगड ठेवा हे मी सांगत नाही. पत्रा कैचीला, कैची भिंतीला, भिंत पायाला कुठे बांधलेली नाही ते दाखवतो आणि प्रत्येक जोडाचा खर्च सांगतो. कुणी सगळे जोड करून घेतं, कुणी फक्त वरचे हुक मारून थांबतं.