ओट्यापाशी उभी असलेली उपासिका



तुम्ही पुरोगामी आहात का, असे आपल्यापैकी कुणालाही विचारले तर उत्तर द्यायला वेळ लागणार नाही. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या घरांत आपण वाढलो. लग्नात हुंडा घेतला नाही, घरात सत्यनारायण घातला नाही, मुलीला मुलाइतकेच शिकवले. हे खरे आहे आणि त्याचा अभिमान वाटायलाच हवा. पण या गोष्टी आपण वरच्यांच्या विरोधात उभे राहून मिळवल्या. आपल्या हाताखाली माणूस आले की काय होते, हा प्रश्न सिंगापूरला येईपर्यंत आपल्यापैकी अनेकांना पडलाच नव्हता.

इथे आपल्या बऱ्याच घरांत हेल्पर आहे. दोघेही नोकरीला, मुले लहान, आजी-आजोबा गावी. तिच्याशिवाय घर चालत नाही. तिला कामावर ठेवण्यात गैर काहीच नाही.

गेल्या वर्षी एका रविवारी आमच्या घरी वंदना होती. आमची हेल्पर म्यानमारची. आम्ही हॉलमध्ये पुस्तिका घेऊन बसलो होतो, ती स्वयंपाकघरात पोह्यांचे बघत होती. त्रिशरण सुरू झाले आणि ओट्यापाशी तिचाही आवाज सुरू झाला. तिच्या हातात पुस्तिका नव्हती. ‘सरणं’चे ‘थरणं’, ‘गच्छामि’चे ‘गिस्सामि’. मुले हसली. खरे सांगायचे तर एक-दोन मोठेही हसले. तिच्या देशात पाली तशीच म्हणतात, हे मी मुलांना नंतर सांगितले. पण ती आमच्या शेजारी का बसली नव्हती, ते मला सांगता आले नसते. तो रविवार तर तिच्या सुट्टीचा होता. आदल्या दिवशी मीच तिला म्हणालो होतो, “उद्या थांबशील का? वरचे पैसे देऊ.” ती लगेच हो म्हणाली.

मालकाच्या ‘थांबशील का’ला नाही म्हणणे किती सोपे असते, ते आपल्या आजोबा-पणजोबांना विचारायला हवे होते.

महार वतन काय होते ते आठवा. सरकारी कामाची हाक दिवसा येवो वा रात्री, जायचेच. घरचा कर्ता आजारी असेल तर बायकोने, मुलाने जायचे. कामाला तासांचे माप नाही, बदल्यात तुटपुंजा मुशाहिरा, बलुते आणि जमिनीचा तुकडा. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या वेठीविरुद्धच. मिळकत कमी हे दुखणे होतेच, पण माणसाचा सगळाच वेळ दुसऱ्याच्या मालकीचा होणे हे त्याहून मोठे दुखणे होते. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ मध्ये झाली, तिच्यामागे त्यांचे काम आहे. आपण ऑफिसात ज्या तासांवर हक्क सांगतो, त्यांना असा इतिहास आहे.

आता आपल्या घरातल्या तासांकडे पाहा. सिंगापूरच्या एम्प्लॉयमेंट ॲक्टमधून घरकामगार वगळलेल्या आहेत, त्यामुळे त्यातली कामाच्या तासांची मर्यादा त्यांना लागू नाही. आठवड्याची सुट्टी १ जानेवारी २०१३ पासून आली, तीही पैसे देऊन विकत घेण्याची मुभा ठेवून. १ जानेवारी २०२३ पासून महिन्यातली निदान एक सुट्टी अशी आहे की ती पैशाने भरून काढता येत नाही. म्हणजे त्या रविवारी मी कायदा मोडला नव्हता. वतनातही पाटील कायदा मोडत नव्हता.

“ती तर आमच्या घरच्यासारखीच आहे,” असे आपण सगळेच म्हणतो. असेल. मग जेवायला ती आपल्याबरोबर बसते का? तिचा कप वेगळा आहे का, आणि तो कुठे ठेवलेला असतो? गावच्या हॉटेलाबाहेर आपल्यासाठी ठेवलेली कपबशी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा प्रश्न फार समजावून सांगावा लागू नये.

भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला सहा दिशांची खरी पूजा सांगितली. पूर्व म्हणजे आई-वडील, पश्चिम म्हणजे पत्नी-मुले, आणि खालची दिशा म्हणजे घरात काम करणारी माणसे. त्यांच्याबाबत मालकाची पाच कर्तव्ये आहेत : झेपेल तेवढेच काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, घरात काही खास पदार्थ झाला तर त्यातला वाटा द्यावा, वेळच्या वेळी सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या उपदेशात सुट्टी आहे! आई-वडिलांची दिशा आपण प्रवचनांत वारंवार ऐकतो. खालची दिशा मी तरी फारशी ऐकलेली नाही.

उपालीची गोष्ट मात्र आपण मुलांना सांगतो. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला निघाले, त्यांचा न्हावी उपालीही निघाला. राजपुत्रांनी भगवंतांना विनंती केली की दीक्षा आधी उपालीला द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा ताठा उतरेल. पुरोगामी म्हणजे पुढे जाणारा. या गोष्टीत पुढे कोण गेला ते पाहा, आणि त्याला वाट कुणी करून दिली तेही पाहा.

आणखी एक आठवण. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील दिले ते पूज्य चंद्रमणी महास्थविरांनी. त्यांचा जन्म ब्रह्मदेशातला. त्याआधी १९५४ च्या डिसेंबरात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. ज्या देशाच्या भिक्खूच्या तोंडून आपल्याला धम्म मिळाला, त्या देशाच्या मुलीचे त्रिशरण ऐकून आमच्या हॉलमध्ये हसू फुटले.

मी तिची माफी मागितली. ती गोंधळली, मला वाटते थोडी घाबरलीही. आता रविवारी ती सकाळीच निघते. आधी ताई जिन रोडवरच्या बर्मीज विहारात, मग पेनिन्सुला प्लाझात मैत्रिणींकडे. रात्रीची भांडी आम्ही घासतो. पहिल्या महिन्यात दोन बश्या फुटल्या.

पुढची वंदनाही आमच्याकडेच, रविवारीच आहे. तिला आमंत्रण दिले आहे, येणे न येणे तिच्या मनावर. तुमच्या घरच्या हेल्परनाही विचारा, पण पाहुण्या म्हणून, आणि त्यांची सुट्टी मोडून नाही. पोहे आपणच करायचे आहेत. कांदा चिरायला सकाळी नऊला दोघे-तिघे लागतील. नावे ग्रुपवर कळवावीत, पुरुषांनी आधी.

भवतु सब्ब मंगलं.