आधी ऐकून घ्या

रस्त्याच्या कडेला जन्मांध माणूस दिसला आणि शिष्यांनी येशूला विचारले ते पापाविषयी: दोष याचा की याच्या आईबापांचा? योहानाच्या नवव्या अध्यायातला हा प्रसंग आपण प्रायश्चित्तकाळात ऐकतो. प्रभूने दोन्ही उत्तरे नाकारली. दुःख दिसले की दोष कुणाच्या तरी माथी मारून मोकळे होण्याची घाई आपल्यालाही असतेच.

लस घेतल्यावर काही दिवसांनी एखाद्याचा डोळा लाल होतो, दुखतो, उजेड सोसत नाही, धूसर दिसते. डोळ्याच्या आत सूज आल्याची ही लक्षणे असू शकतात. डॉक्टर तिला युव्हिआयटिस म्हणतात. कोविडच्या लशींनंतर, त्याआधी हिपॅटायटिस बीच्या लशीनंतरही, असे मोजके रुग्ण जगभर नोंदले गेले आहेत. चाळीत मात्र एक शेजारी म्हणतो, "लशीनेच घात केला." दुसरा म्हणतो, "उगाच अफवा पसरवू नका." डोळा कुणीच तपासलेला नसतो!

ही सूज लस न घेणाऱ्यांनाही येते. आपल्याकडे क्षयरोग हे तिचे एक मोठे कारण, आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. कोट्यवधी लोक लस घेतात तेव्हा काहींना ती एरवीही त्याच आठवड्यात आली असती. म्हणून एका रुग्णावरून काही ठरत नाही. पण अनेकांच्या नोंदी, तारखांसकट, ताडून पाहिल्या तर लशीनंतर प्रमाण वाढले का, हे कळू शकते. जो गप्प बसवला गेला, तो त्या हिशेबात येतच नाही.

आपल्या चिंचपोकळीपासून परळ किती लांब? तिथल्या प्रयोगशाळेत डॉ. हाफकिन यांची प्लेगची लस तयार होई. १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना ती टोचली आणि १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका परळवर आला, हाफकिन निलंबित झाले. पण दगावलेल्या सर्वांना एकाच बाटलीतली लस दिली होती, बाकीच्या चार बाटल्यांतली घेणारे वाचले. बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी, हे मान्य होऊन ते दोषमुक्त व्हायला १९०७ साल उजाडले. कुणाला कुठल्या बाटलीतून टोचले हे ठाऊक नसते तर?

असे उघड बोलल्याने लोक लस घ्यायला बिचकतील, ही भीती खोटी नाही. लस चुकलेल्या बाळाला गोवर झाला तर त्याचे डोळेही जाऊ शकतात. तरीही आम्हांला वाटते, लपवलेली गोष्ट पुढे दुप्पट होऊन कानावर येते, आणि मग खऱ्या शब्दावरही विश्वास राहत नाही. शिवाय एक माणूस दुखावला असेल, तर लाखोंचे भले झाले म्हणून त्याचे दुखणे कमी होत नाही.

त्या अध्यायातला बरा झालेला माणूसही आपल्याला ठाऊक तेवढेच सांगत राहिला. त्याला पुन्हापुन्हा खोदून विचारले, शेवटी हाकलून दिले. प्रभू त्याला शोधत गेला.

घरात कुणाचा डोळा असा लाल झाला, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. उशीर झाला तर दृष्टी अधू होऊ शकते. सोबत लशीचे कार्ड असू द्या आणि तारीख डॉक्टरांना स्वतःहून सांगा.